गरम झाल्यावर व्हीटेक लागत नाही, चेक इंजिनचा दिवा परत परत येतो: दोष कुठे शोधायचा आणि ट्यूनिंगला हात कधी लावायचा

जुन्या होंडा सिटी व्हीटेकवर, म्हणजे १०६ बीएचपीच्या सिंगल कॅमवाल्या गाडीवर, काम करून घेतलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह मोठ्या कॅमवर चालवणारी होंडाची यंत्रणा. सकाळी गाडी मस्त पळते. पाच हजार आरपीएमच्या आसपास आवाज बदलतो, ओढ वाढते, काटा लाल पट्टीपर्यंत सरळ जातो. अर्धा तास घाटात दामटली की त्याच ठिकाणी इंजिन बसल्यासारखं होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. चावी बंद करून पुन्हा स्टार्ट केली की दिवा गायब. पुढच्या चढाला परत तेच. मग सोलेनॉइड (व्हीटेकला ऑईल सोडणारी विजेवरची झडप) बदलला जातो, सेन्सर बदलला जातो, शेवटी कुणीतरी ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, शिरून दिवाच बंद करून टाकतो.

मॅपला, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोल आणि इग्निशनच्या आकड्यांना, शेवटी हात लावायचा, हे माझं ठाम मत आहे. व्हीटेक काय किंवा कॅम फिरवणारी कुठलीही व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) काय, ईसीयू फक्त हुकूम देतो. काम ऑईलचा दाब करतो. ऑईल हवं तिथे, हव्या दाबाने, हव्या वेळी पोचतंय हे गेज लावून पाहिल्याशिवाय केलेलं ट्यूनिंग टिकत नाही, आणि दोष परत परत येण्याचं मुख्य कारण तेच असतं.

आत काय घडतं ते आधी पाहू. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या दोन इनटेक व्हॉल्व्हसाठी तीन लोब (कॅमवरचे उंचवटे) आणि तीन रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) असतात. कमी आरपीएमला बाजूचे दोन लहान लोब व्हॉल्व्ह उघडतात. मधला मोठा लोब आपल्या रॉकरला नुसताच हलवत राहतो, व्हॉल्व्हशी त्याचा संबंध नसतो. ईसीयूने १२ व्होल्ट दिले की सोलेनॉइड उघडतो, त्याखालची झडप सरकते आणि ऑईल रॉकर शाफ्टमधून रॉकरच्या आतल्या पिनांपर्यंत जातं. दाबाने पिना सरकून तिन्ही रॉकर एकत्र जखडतात आणि मोठ्या लोबच्या तालावर चालू लागतात. १९८९ साली इंटेग्रात आलेल्या बी१६ए इंजिनाने हेच इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे केलं आणि १.६ लिटरमधून १६० पीएस काढले. सिटीच्या सिंगल कॅमच्या हेडमध्ये ही यंत्रणा फक्त इनटेकला आहे.

दाब झाला की नाही हे सांगायला सोलेनॉइडच्या बॉडीवरच एक प्रेशर स्विच बसवलेला असतो. दाब नसताना तो जोडलेला असतो आणि दाब आला की तुटतो. ईसीयूने हुकूम दिला आणि स्विच तुटला नाही, तर ईसीयू दोष नोंदवतो, मोठा कॅम सोडून देतो आणि दिवा लावतो. जुन्या होंडात सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करून दिव्याचे झपके मोजायचे: २१ म्हणजे सोलेनॉइडच्या वायरिंगचा दोष, २२ म्हणजे दाबाचा किंवा स्विचचा. ओबीडी-२ वाल्या, म्हणजे स्कॅनरने कोड वाचता येणाऱ्या, गाड्यांत दोन्हींना मिळून पी१२५९ येतो. गरम झाल्यावरच येणारा दोष बहुतेक वेळा २२ निघतो. २१ आला तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी वायर बघा.

खोट्या तक्रारीही बऱ्याच येतात, त्या इथेच मिटवू. गाडी जागेवर उभी करून रेस केली आणि व्हीटेक लागलं नाही, तर तो दोष नाही. कंपनीच्या ईसीयूला कूलंट साधारण ६० अंशांवर गेलेलं लागतं, गाडी चालती लागते आणि इंजिनावर लोड लागतो. त्यामुळे इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत स्पीड सेन्सरची वायर जोडायची राहिली, तर व्हीटेक कधीच लागत नाही, आणि लोक मात्र हेड खोलून बसतात. स्पीडोमीटरचा काटा मेलेला असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीतही इंजिन तापायला उशीर लागतो आणि व्हीटेक उशिरा जागं होतं. थर्मोस्टॅट काढायची आपल्याकडच्या गॅरेजांची सवय या इंजिनांना अजिबात मानवत नाही.

आता वायरिंग. सोलेनॉइडला एकच वायर असते, अर्थ तो हेडमधून घेतो. मीटरने त्या वायरचं टोक आणि बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. १४ ते ३० ओहम आला तर कॉइल ठीक आहे. पण हे मोजमाप थंड आणि गरम, दोन्ही वेळा घ्यायचं. आतली कॉइल गरम झाल्यावर तुटणारी असेल, तर सकाळी ती धडधाकटच दिसणार. काम झालेल्या इंजिनात आणखी एक गोष्ट हमखास सापडते: हेडपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी परत लावलेलीच नसते, किंवा रंग दिलेल्या जागी लावलेली असते. मग अर्थ मिळेल त्या वाटेने जातो. व्होल्टेज पुरेसं असेपर्यंत सोलेनॉइड उघडतो, हेडलाइट आणि फॅन चालू झाले की अडखळतो. रंग खरवडून अर्थ नीट लावणं हे फुकटचं काम आहे. तेवढ्याने दिवा कायमचा गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

यानंतर सोलेनॉइडची बॉडी हेडपासून सोडवा. तिच्या आणि हेडच्या मध्ये एक पॅकिंग असतं आणि त्या पॅकिंगमध्येच बारीक जाळी बसवलेली असते. रॉकरकडे जाणारं सगळं ऑईल या जाळीतून जातं. माझ्या एका मित्राच्या गाडीत ही जाळी बाहेर काढली तेव्हा अर्ध्याहून जास्त भाग काळ्या, चिकट थराने भरलेला होता आणि वरच्या कोपऱ्यात निळ्या सिलिकॉनचे नखाएवढे तीन-चार तुकडे अडकले होते. इंजिनकाम करणाऱ्याने ऑईल चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) बसवताना सिलिकॉन सढळ हाताने फासलं होतं. बाहेरून दिसणारी रेष व्यवस्थित पुसलेली होती, पण तेवढंच सिलिकॉन आतल्या बाजूलाही दबून निघालं होतं आणि गरम ऑईलमध्ये सुटून फिरत होतं. त्या गाडीची जाळी आधी एकदा साफ करून झाली होती. काही आठवड्यांनी दिवा परत आला, कारण सिलिकॉनचा साठा चेंबरमध्ये तसाच होता. चेंबर उतरवून कडा साफ केल्या, पिकअपची, म्हणजे चेंबरमधून ऑईल ओढणाऱ्या नळीची, जाळी धुतली, नवं पॅकिंग टाकलं आणि सिलिकॉन फक्त कोपऱ्यांवर, तांदळाच्या दाण्याएवढं लावलं. मगच तो दोष थांबला. तेव्हा जाळीत सिलिकॉन दिसलं तर सोलेनॉइडवर पैसे घालू नका, चेंबर उतरवा. आणि ते पॅकिंग परत वापरू नका. दबलेल्या पॅकिंगच्या कडेने दाब गळतो आणि बाहेर ऑईलचा थेंबही दिसत नाही.

हेड उतरवून काम झालं असेल, तर ब्लॉकमधून हेडमध्ये ऑईल जातं त्या जागी एक बारीक भोकाचा जेट असतो, तो बघणं भाग आहे. साफसफाईच्या वेळी तो हरवतो, तिरका बसतो किंवा त्याचं ओ-रिंग जुनंच राहतं. साध्या, म्हणजे बिनव्हीटेकच्या, ब्लॉकवर व्हीटेकचं हेड चढवणाऱ्यांनी तर इथे दुप्पट लक्ष द्यावं. होंडाच्या बी-सीरिज इंजिनांच्या साध्या ब्लॉकवर व्हीटेक हेड बसवताना ऑईलची वेगळी बाहेरची लाइन काढावीच लागते. त्या लाइनचं फिटिंग अरुंद असेल, तर व्हीटेक लागतं पण उशिरा, आणि गरम ऑईलला धरून राहत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता गेज. डॅशबोर्डवरचा शोभेचा नको, मेकॅनिकल गेज घ्या. दोन जागी मोजायचं. पहिली जागा इंजिनाच्या ऑईल प्रेशर स्विचची. ऑईल ८० अंशांच्या आसपास असताना आयडलला निदान ०.७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि ३,००० आरपीएमला निदान ३.५ किलो दाब हवा. दुसरी जागा व्हीटेकच्या बॉडीवरची, प्रेशर स्विचजवळचा टेस्ट बोल्ट काढून. व्हीटेक बंद असताना ३,००० आरपीएमला तिथे अर्ध्या किलोहून कमी दाब दिसला पाहिजे. मग सोलेनॉइडचा कनेक्टर काढून त्याला बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह द्या, इंजिन क्षणभर ५,००० वर न्या आणि दाब ४ किलोच्या वर जातो का पाहा. लोड नसताना इंजिन तिथे धरून ठेवायचं नाही, वाचून लगेच खाली आणायचं. ही चाचणी गाडी नुकतीच घाटातून आलेली असताना करा, कारण तक्रार तेव्हाचीच आहे.

गेज लावताना आटे तपासा. होंडाच्या इंजिन ऑईल स्विचला १/८ बीएसपी टेपर आटे असतात, इंचाला २८. परदेशातून मागवलेल्या गेजच्या किटमध्ये बहुतेक वेळा १/८ एनपीटी येतं, इंचाला २७. दोन फेरे ते सहज जातं, तिसऱ्याला अडतं, आणि जोर लावला की अॅल्युमिनियम चिरतं. बीएसपीचं अडॅप्टर आपल्याकडे हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतं.

आकडे असे वाचायचे. इंजिनाचा दाब चांगला आणि व्हीटेकचा कमी, तर दोष जाळी, पॅकिंग, झडप किंवा जेटमध्ये. दोन्ही कमी, तर ऑईल, पंप किंवा बेअरिंग. दोन्ही चांगले आणि तरी २२ येतोय, तर प्रेशर स्विच किंवा त्याची वायर. व्हीटेक बंद असतानाही तिथे दाब दिसतोय, तर झडप उघडीच अडकलीय. बॉडी सोडवून झडप बोटाने दाबून बघा, ती सुळसुळीत सरकून परत आली पाहिजे. दाब सगळीकडे बरोबर, स्विच बरोबर आणि तरी ओढ नाही, असं क्वचित होतं. तेव्हा व्हॉल्व्ह कव्हर काढून प्रत्येक सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून मधला रॉकर बोटाने हलवा. तो बाजूच्या दोघांना न हलवता एकटा हलला पाहिजे. कव्हर उघडलंच आहे तर टॅपेटचं अंतरही बघून घ्या. होंडाच्या १.६ लिटरच्या डी१६ व्हीटेक इंजिनांना थंडपणी इनटेक ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर लागतं.

ऑईलबद्दल थोडं कडक बोलतो. "इंजिन जुनं आहे, २०डब्ल्यू-५० टाका" हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो. जाड ऑईलने गेजवरचा आकडा वाढतो, पण बारीक वाटांतून वाहणं मंदावतं, आणि थंडीच्या सकाळी पिना सरकायला वेळ लागतो. बेअरिंग ठीक असतील तर या इंजिनाला १०डब्ल्यू-४० पुरतं. बेअरिंग गेलेली असतील तर जाड ऑईल तो दोष काही महिने झाकतं, एवढंच. शिवाय चेंबरमध्ये मावतं जेमतेम साडेतीन लिटर. लांब वळणावर ते एका बाजूला चढलं की पिकअप हवा ओढतो आणि नेमकं तेव्हाच व्हीटेक सुटतं. डावीकडच्या वळणात दिवा लागतो आणि उजवीकडच्या वळणात नाही, असं वर्णन ऐकलं की मी आधी डिपस्टिक बघायला सांगतो आणि मग चेंबरमध्ये बॅफल (ऑईल अडवणारा पत्रा) लावायला. उपाय म्हणून ऑईल जास्त भरू नका. क्रँक त्यात बुडून फेस करते, आणि फेसाने पिना जखडत नाहीत.

दिवा लागू नये म्हणून स्विचची तपासणी ईसीयूमधून बंद करणं मला मुळीच मान्य नाही. ईसीयूत लहान कॅमचा आणि मोठ्या कॅमचा, असे पेट्रोल आणि इग्निशनचे वेगवेगळे मॅप असतात. दाब अपुरा पडून रॉकर सुटले आणि ईसीयूला ते कळलंच नाही, तर इंजिन लहान कॅमवर आणि मॅप मोठ्या कॅमचा, अशी अवस्था होते. त्याहून वाईट म्हणजे पिना अर्ध्याच सरकून लोडखाली परत निसटतात आणि त्यांच्या कडा तुटतात. मग हेडमधून जो खडखडाट येतो तो नवे रॉकर घातल्याशिवाय जात नाही.

ऑईलची बाजू गेजवर सिद्ध झाली की ट्यूनिंग. ते डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आणि ट्रॅकवर करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल सगळ्यांना माहीत असायला हवा: उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही.

आधी यांत्रिक टायमिंग. हेडला फेसिंग मारलेलं (घासून सपाट केलेलं) असेल तर हेड क्रँकच्या जवळ आलेलं असतं, आणि टायमिंग बेल्टवर खुणा जुळूनही कॅम थोडा मागे पडतो. अॅडजस्टेबल कॅम गिअर त्यासाठी उपयोगी आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, गिअरवरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. दुसरी, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: या इंजिनांचा डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकावरच चालतो. कॅम २ अंश पुढे घेतला की इग्निशनही आपोआप क्रँकचे ४ अंश पुढे जातं. गाडी तरतरीत वाटते, लोक कॅम गिअरला श्रेय देतात आणि उन्हाळ्यात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं. गिअर हलवला की सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करून टायमिंग लाइटने बेस टायमिंग परत जागेवर आणा. बऱ्याच डी-सीरिज इंजिनांना ते टीडीसीआधी १६ अंश असतं, पण तुमच्या बॉनेटखालचं स्टिकर प्रमाण. सिंगल कॅमवर इनटेक आणि एक्झॉस्ट एकत्रच सरकतात, त्यामुळे ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) या गिअरने बदलत नाही. पुढे घेतला तर खालची ओढ, मागे घेतला तर वरची, एवढाच व्यवहार.

मग कॅम बदलण्याचा आरपीएम. कंपनीच्या डी१६ व्हीटेकमध्ये तो ४,८०० च्या आसपास असतो. फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि हेडर लावल्यावर तो कुठे न्यायचा हे कानाने ठरवू नका. डायनोवर एकदा पूर्ण थ्रॉटलला फक्त लहान कॅमवर शेवटपर्यंत ओढा, एकदा फक्त मोठ्या कॅमवर. दोन्हींचे टॉर्कचे आलेख एकमेकांवर ठेवा. ते जिथे छेदतात तोच बदलाचा आरपीएम. परत खाली येताना सोडण्याचा आरपीएम त्याहून दोनेकशे कमी ठेवा, नाहीतर चढावर त्याच आकड्याभोवती कॅम सारखा लागत-सुटत राहतो.

"व्हीटेकची लाथ" हवी म्हणून बदल मुद्दाम उशिरा ठेवणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. जोरात धक्का बसतो, कारण त्याआधीच्या पाच-सातशे आरपीएममध्ये लहान कॅमचा टॉर्क पडून गेलेला असतो. तो पडलेला टॉर्क तुम्ही शर्यतीत गमावता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला उतरायचं असेल तर बदल जवळजवळ कळू नये इतका गुळगुळीत हवा. उलट बाजूने, बदल फार खाली आणला तरी नुकसान आहे. मोठा लोब इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेचा वेग इतका असतो की पिस्टन वर निघाला तरी ती भरत राहते. खालच्या आरपीएमला तो वेग नसतो, म्हणून पिस्टन घेतलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो.

कॅमचा कोन सतत फिरवणाऱ्या इंजिनांत, म्हणजे अॅकॉर्ड आणि सीआर-व्हीमधल्या के-सीरिजमध्ये, हीच पद्धत जास्त रेषांनी करायची. के२० च्या काही प्रकारांत इनटेक कॅम क्रँकच्या ५० अंशांपर्यंत फिरतो. ०, १०, २०, ३० असे कोन पक्के धरून वेगवेगळे पुल (डायनोवर पूर्ण थ्रॉटलच्या ओढी) घ्या आणि प्रत्येक आरपीएमला सगळ्यात वरची रेष ज्या कोनाची, तो कोन टेबलात भरा. सहसा मधल्या पट्ट्यात कोन जास्त लागतो आणि वर जाताना कमी होत जातो. मोठा कॅम किंवा हाय कम्प्रेशनचे पिस्टन टाकले असतील, तर यातला एकही पुल घेण्याआधी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर पूर्ण अॅडव्हान्सला मोजा. कॅम पुढे सरकला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर अंतर मी सोडत नाही. तेवढं नसेल तर फेजरला (कॅमचा कोन फिरवणाऱ्या गिअरला) यांत्रिक थांबा बसवून घ्या, सॉफ्टवेअरमधल्या मर्यादेवर विसंबू नका. दाब गेला किंवा झडप अडकली तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. या इंजिनांत पी००११ किंवा पी००१२ (कॅमच्या कोनाचे दोष) वारंवार येत असेल तर तिथेही सुरुवात ऑईलच्या ग्रेडपासून आणि जाळीपासूनच होते. फेजरला जाड ऑईल रॉकरच्या पिनांपेक्षाही जास्त त्रास देतं.

शेवटी पेट्रोल. आता पंपावर ई२० मिळतं आणि त्याला शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ऐवजी सुमारे १३.५ ला एक, असं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण लागतं. पण वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) गेज पेट्रोलच्या मापाचेच आकडे दाखवत राहतो. म्हणून लॅम्डात वाचा, ज्यात १ म्हणजे त्या पेट्रोलला नेमकं लागणारं मिश्रण. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८ हे माझं लक्ष्य असतं. मॅप तयार झाल्यावर गाडी पूर्ण तापवून तिसऱ्या गिअरमध्ये बदलाच्या आरपीएममधून लोडखाली न्या आणि आरपीएम, लॅम्डा, व्हीटेकचा हुकूम आणि प्रेशर स्विच या चार गोष्टींचा लॉग घ्या. हुकूम आणि स्विच यांच्यातलं अंतर थंड आणि गरम इंजिनात सारखंच असलं पाहिजे. गरम झाल्यावर ते लांबत असेल तर लॅपटॉप मिटा आणि गेज परत लावा. अंतर सारखं असून लॅम्डा तेवढ्या जागी लीन (पेट्रोल कमी) उडी मारत असेल, तर मोठ्या कॅमच्या मॅपमधले सुरुवातीचे दोन-तीन रकाने भरायचे राहिलेत.